मेंडोलिन आपलं, पण जुळवणारा हात कुणाचा?

आंबेडकरी गाण्याबद्दल आपण भरभरून बोलतो. भीमराव कर्डकांचा जलसा, वामनदादा कर्डकांची हजारो गीतं, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज ही नावं वस्तीतल्या शाळकरी पोरालाही माहीत असतात. गाणं कुणी लिहिलं आणि कुणी गायलं, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण त्या गाण्यामागे वाजणारी वाद्यं कुणाच्या मालकीची होती, ती कुठून आली, बिघडली की कोण दुरुस्त करायचं, हे प्रश्न आपल्या बैठकीत क्वचितच निघतात. मला ते महत्त्वाचे वाटतात, आणि आज ते मी मेंडोलिनच्या निमित्ताने मांडणार आहे.

मी अलिबागला राहते, सामाजिक काम करते, समाजशास्त्रात एम. ए. केलं आहे. माझ्या घरात दोन मेंडोलिन आहेत. एक साधं, लाकडी पोकळ पेटीचं. ते मामांनी दिलं. दुसरं इलेक्ट्रिक, ते मी स्वतः सेकंड हँड घेतलं. मी मोठी वादक नाही. विहारात, जयंतीला, वस्तीतल्या कार्यक्रमात वाजवते. पण ही दोन वाद्यं सांभाळताना एक गोष्ट पक्की कळली: वाद्य विकत घेणं हा मालकीचा अर्धाच भाग आहे. ते जुळवता येणं, लावता येणं, सुधारता येणं हा उरलेला अर्धा, आणि तो आपल्या समाजाकडे येऊ दिलेला नाही. माझं म्हणणं असं आहे की हा अर्धा भाग आपण जाणीवपूर्वक मिळवला पाहिजे.

हे वाद्य काय आहे

ज्यांनी मेंडोलिन फक्त सिनेमात पाहिलं आहे, त्यांच्यासाठी थोडं. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' (१९९५) मध्ये मोहरीच्या शेतात नायकाच्या हातात जे छोटं वाद्य आहे, तेच हे. मूळ इटलीचं, नेपल्स शहराचं. आठ तारा, पण चार जोड्यांमध्ये. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुराला लावायच्या. जाड तारेपासून बारीक तारेकडे जाताना सूर असतात जी, डी, ए, ई. आपल्या भाषेत सांगायचं तर एका जोडीला सा धरलं की पुढची जोडी तिच्या पंचमाला लागते, त्याच्या पुढची पुन्हा तिच्या पंचमाला.

ही रचना हुबेहूब व्हायोलिनची आहे. आणि आपल्यासाठी हे नुसतं तांत्रिक तपशील म्हणून सोडून देण्यासारखं नाही. बाबासाहेब आयुष्याच्या उत्तरार्धात व्हायोलिन शिकत होते. त्यांचं व्हायोलिन पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या सिम्बायोसिसच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. घटना, हिंदू कोड बिल, राजकारण, मधुमेह आणि प्रचंड वाचन या सगळ्यांतून वेळ काढून तो माणूस तारेवर बोट कुठे ठेवायचं हे शिकत होता. आपण त्यांच्या पेनाबद्दल बोलतो, कोटाबद्दल बोलतो, ग्रंथसंग्रहाबद्दल बोलतो. व्हायोलिनबद्दल बोलायला लाजतो, जणू तो त्यांचा फावल्या वेळचा छंद होता. मला तसं वाटत नाही. ज्या वाद्याजवळ आपल्या माणसाला कुणी बसू दिलं नसतं, ते वाद्य हातात घेऊन शिकायला बसणं यात एक भूमिका आहे.

'हे आपलं नाही' म्हणणाऱ्यांना

मेंडोलिन घेऊन बसलं की आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, 'ताई, हे परदेशी वाद्य. आपली ढोलकी, आपली हलगी, आपलं तुणतुणं. आपली संस्कृती सोडू नका.'

परदेशीचं आधी पाहू. हार्मोनियम युरोपातून आली. तिच्यावर १९४० साली ऑल इंडिया रेडिओने बंदी घातली, ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. म्हणजे ज्या पेटीवर वारकऱ्यांची भजनं, नाट्यपदं, कव्वाली आणि आपली भीमगीतं वाजतात, ती सरकारी रेडिओला तीस वर्षं अभारतीय वाटत होती. जनतेने मात्र ती सोडली नाही.

बेंजोचं तर त्याहून गमतीदार आहे. कोकणात आणि मुंबईत ज्याला आपण बेंजो म्हणतो, तो अमेरिकन बँजो नाहीच. जपानमध्ये नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य बनवलं. तारा ताणलेल्या, आणि त्यावर टाइपरायटरसारख्या कळा. ते भारतात आलं, बुलबुल तरंग झालं. पुढे त्याला पिकअप बसला, कर्ण्याला जोडलं गेलं आणि गल्लीबोळांतून मिरवणुकीत शिरलं. रवी जाधव यांनी २०१६ साली त्यावर हिंदी सिनेमाही काढला. आज कुणी बेंजोला जपानी म्हणत नाही. वस्तीने तो वाजवला, स्वतःच्या कानाप्रमाणे बदलला, म्हणून तो वस्तीचा झाला.

आता 'आपली हलगी' याबद्दल. हलगी, डफडं, सनई ही वाद्यं मला प्रिय आहेत. पण ती आपल्याकडे आली कशी, हे विसरून चालणार नाही. ती गावकीची कामं होती. दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या देवाच्या पालखीपुढे, मंडपाच्या बाहेर उभं राहून वाजवायचं. कातडं विटाळाचं, म्हणून कातडं ताणलेलं वाद्य विटाळलेल्या जातीच्या गळ्यात. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्या भाकरीची लाचारी सोडा असं सांगितलं, तेव्हा त्या सांगण्याचा रोख या सगळ्या सक्तीच्या चाकरीवर होता. हलगी आज आपण मोर्चात वाजवतो ती स्वखुशीने, स्वतःच्या घोषणेसाठी. तिचा अर्थ आपण बदलला. तसाच कुठल्याही वाद्याचा बदलता येतो. 'तुमचं वाद्य हे, त्यांचं वाद्य ते' ही वाटणीच मुळात जातीने केलेली आहे. ती आपण अभिमानाच्या नावाखाली पुढे चालवायची का?

मी शिकायला सुरुवात केली तेव्हा एका शिकवणीत चौकशीला गेले होते. मास्तरांनी आडनाव विचारलं, राहायला कुठे ते विचारलं. मग हसून म्हणाले, 'तुमच्याकडे ठेका रक्तातच असतो. ढोलकी घ्या, लवकर जमेल.' शब्द कौतुकाचे होते. अर्थ असा की सूर तुमचा प्रांत नाही. मी त्या शिकवणीला गेले नाही. मामांकडे बसले.

हात आणि डोकं यांची वाटणी

'जातिप्रथेचं विध्वंसन' मध्ये (१९३६) बाबासाहेब सांगतात की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. संगीतात हे फार स्पष्ट दिसतं. टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली मृदंगम बनवणाऱ्यांवर एक पुस्तक लिहिलं. मंचावर मृदंगम वाजवणारे मुख्यतः ब्राह्मण, आणि त्यासाठी गाय, म्हैस, बकरीचं कातडं कमावून, कापून, ताणून ते वाद्य घडवणारे बहुतेक दलित ख्रिस्ती. टाळ्या एकाला, वास दुसऱ्याच्या हाताला.

आपल्या महाराष्ट्रात मिरजेकडे पाहा. तिथे सतार आणि तानपुरे बनवणारी घराणी मूळची शिकलगार, शस्त्रं घडवणारी आणि धार लावणारी. शस्त्रांची मागणी संपली तेव्हा एकोणिसाव्या शतकात हे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगली गोष्ट आहे. पण मैफलीच्या पत्रिकेवर सतार कुणी घडवली आणि जवारी कुणी काढली, ते नाव कधी छापलेलं पाहिलं आहे?

गोपाळ गुरू यांनी २००२ साली समाजशास्त्रांच्या बाबतीत असंच दाखवून दिलं होतं: सिद्धांत मांडणारे एकीकडे, अनुभव पुरवणारे दुसरीकडे. संगीतात आपल्याला 'अनुभव' आणि 'ठेका' दिला गेला, सूरशास्त्र आणि वाद्यशास्त्र दिलं गेलं नाही. त्यामुळे आज आपल्या पोरांच्या हातात कुणी गिटार किंवा मेंडोलिन आणून दिलं, तरी पहिली तार तुटली की ते वाद्य खुंटीला टांगलं जातं. पोरं आळशी नसतात. ती तार कुठली, किती जाडीची, कुठे मिळते आणि कशी बसवायची, हे सांगणारं माणूस घरात नसतं, शेजारी नसतं, नात्यात नसतं.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दियू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. त्याने त्यात एक बारीक फरक केला आहे. चित्र, यंत्र, ग्रंथ ही वस्तूरूपातली भांडवलं पैसे देऊन मिळवता येतात. ती वापरण्याची जाण मात्र शरीरात मुरावी लागते, आणि ती मुरायला वेळ लागतो. एम. ए. ला हे परीक्षेपुरतं वाचलं होतं. त्याचा अर्थ मेंडोलिनचा ब्रिज हातात धरल्यावर कळला. म्हणून आता थोडं ब्रिजबद्दल आणि तारांबद्दल.

अलिबागच्या हवेत मेंडोलिन

मामा मुंबईत गिरणीत होते. रात्री गायन पार्टीत वाजवायचे. गिरणी बंद पडल्यावर गावी आले तेव्हा सामानात हे मेंडोलिन होतं, जुन्या बाजारातून घेतलेलं. त्याच्या खुंट्या दोन वेगवेगळ्या वाद्यांच्या आहेत. ब्रिज मामांनी स्वतः शिसवीच्या तुकड्यातून घासून काढलेला आहे. त्यांनी कुठलाही कोर्स केला नव्हता. पण तार लागत नाही म्हणजे दोष तारेत आहे, खुंटीत आहे की ब्रिजमध्ये, हे ते कान लावून सांगायचे.

मेंडोलिनचा ब्रिज बहुधा चिकटवलेला नसतो. तारांच्या दाबानेच तो जागेवर उभा असतो. आठही तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलो वजनाइतका असतो, आणि तो सगळा या छोट्या लाकडी तुकड्याला नि पातळ पेटीला पेलायचा असतो. म्हणून पहिला नियम: तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका. एक काढा, नवी बसवा, मग पुढची. सगळ्या काढल्या की ब्रिज पडतो, त्याची जागा हरवते, आणि मग वाद्य 'बेसूर निघालं' म्हणून बदनाम होतं.

ब्रिजची जागा शोधणं अवघड नाही. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, घंटेसारखा स्वच्छ सूर येईल. मग त्याच पडद्यावर तार दाबून वाजवा. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा आला, तर ब्रिज किंचित मागे, तारा जिथे बांधलेल्या असतात त्या बाजूला सरकवा. उतरता आला, तर मानेकडे आणा. मोबाइलवर ट्युनरचं मोफत अ‍ॅप मिळतं, त्यावर तपासा. जागा सापडली की पेन्सिलीने हलकी खूण करून ठेवा.

दुसरी गोष्ट तारांची उंची. बाराव्या पडद्यापाशी तार साधारण दीड ते दोन मिलिमीटर वर असावी. स्वस्त वाद्यं दुकानातून येतात तेव्हा ती बऱ्याचदा याहून पुष्कळ वर असते. नवशिक्या मुलाची बोटं सोलतात, सूर चढतो, आणि महिन्याभरात तो म्हणतो, 'मला जमत नाही.' त्याला जमत असतं. वाद्य लावलेलं नसतं. मानेच्या टोकाशी जिथे तारा खाचांतून जातात, त्या नटच्या खाचा उथळ असल्या तर पहिल्या दोन-तीन पडद्यांवरचे सूर कायम चढे येतात. बारीक कानशीने खाच थोडी खोल करायची, फार नाही, आणि पेन्सिलीचं शिसं खाचेत घासायचं म्हणजे तार अडकत नाही.

किती मुलांनी 'आपल्याला संगीत जमत नाही' असं मानून वाद्य सोडलं असेल, जेव्हा दोष दीड मिलिमीटरचा होता? शाळेतल्या गणिताबद्दलही मला हाच प्रश्न पडतो.

तिसरी गोष्ट आपली हवा. वर्सोली, अलिबाग, नागाव, रेवदंडा ही सगळी खाऱ्या वाऱ्याची गावं. पोलादी तारांना इथे फार लवकर गंज चढतो. वाजवून झालं की प्रत्येक तार वरून आणि खालून कोरड्या सुती कापडाने पुसायची. मामा कापडाला खोबरेलाचा एक थेंब लावायचे. जूनपासून लाकूड पाणी पितं, पेटीचा वरचा भाग फुगतो, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा उंच होतात. हिवाळ्यात लाकूड आक्रसतं आणि त्या खाली बसतात. म्हणजे कोकणात मेंडोलिन वर्षातून किमान दोनदा लावावं लागतं. पावसाळ्यात ते भिंतीवर टांगू नये. बंद पेटीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावं. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या आम्ही जमवतो. महिन्या-दोन महिन्यांनी त्या बदलायच्या.

पावसाळा म्हणजे आपला वर्षावास. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. याच दिवसांत तथागतांनी सोण कोळिविस या भिक्खूला दिलेला उपदेश मला दरवर्षी आठवतो. अंगुत्तर निकायात तो आहे. सोण श्रीमंत घरातला, गृहस्थ असताना वीणा वाजवणारा. अतिरेकी साधनेने तो खचून गेला आणि संघ सोडून जावं असं त्याच्या मनात आलं. तथागतांनी त्याला विचारलं की तारा फार ताणल्या किंवा फार ढिल्या सोडल्या तर वीणा वाजायची का. तो नाही म्हणाला. मग तुझे प्रयत्नही तसेच समतोल ठेव, असं त्यांनी सांगितलं. या कथेवर प्रवचनं खूप होतात. माझं लक्ष एका साध्या गोष्टीकडे जातं: हा दाखला काम करतो, कारण सोणला वीणा लावता येत होती. तारेचा ताण ज्याने स्वतःच्या बोटांनी ओळखला आहे, त्याला मध्यम मार्ग समजावून सांगावा लागत नाही.

वीज जोडल्यावर

साधं मेंडोलिन दहा-वीस माणसांच्या खोलीत छान ऐकू येतं. ढोलकी, हार्मोनियम आणि माइकवरच्या गायकापुढे ते बुडतं. तिथे इलेक्ट्रिकचा प्रश्न येतो.

सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) यांनी साध्या मेंडोलिनवर हिंदुस्थानी राग वाजवले. 'संगदिल' आणि 'रुस्तम सोहराब' या सिनेमांचे हेच संगीतकार. दक्षिणेत यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी वेगळा मार्ग घेतला. वडील क्लॅरिनेट वाजवायचे. लहान वयातच श्रीनिवासने मेंडोलिन उचललं, आणि कर्नाटक संगीताच्या गमकांना साध्या मेंडोलिनचा आवाज फार लवकर विरतो हे ओळखून इलेक्ट्रिक वाद्य घेतलं. जोड्या काढून टाकल्या, पाच एकेरी तारा ठेवल्या. तार ओढून सूर वाकवायला एकेरी तारच बरी. सुरुवातीला शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली. १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ध्यानात घेण्यासारखं हे की त्यांनी वाद्य जसं मिळालं तसं वाजवलं नाही. आपल्या संगीताला जे हवं, त्याप्रमाणे वाद्य बदललं.

माझं इलेक्ट्रिक मेंडोलिन भरीव लाकडाचं, चार एकेरी तारांचं आहे. ९ हजारांना घेतलं. त्यात चुंबकीय पिकअप आहे: चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात वीज उमटते. म्हणून या वाद्याला निकेल गुंडाळलेल्या तारा लावाव्यात. ब्राँझच्या तारा साध्या मेंडोलिनवर गोड वाजतात, पण चुंबकाला ब्राँझ कळत नाही. जाड तारा मग दबक्या ऐकू येतात.

साध्या मेंडोलिनलाच आवाज द्यायचा असेल, तर ब्रिजजवळ चिकटवायचा पीझो पिकअप मिळतो. तो थरथर पकडतो, चुंबकाची गरज नाही. पण त्याचा आवाज थेट मिक्सरला दिला तर पत्र्यासारखा पातळ येतो. मध्ये एक छोटा प्रीअ‍ॅम्प लागतो. आणि पोकळ पेटी मोठ्या स्पीकरसमोर आली की शिट्टी मारते. स्पीकरच्या मागे उभं राहणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

चुंबकीय पिकअप आसपासच्या विजेची गुणगुणही पकडतो. अलिबागकरांना हे नवं वाटू नये. मुंबईत कुलाब्याला चुंबकीय वेधशाळा होती. विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून ती १९०४ साली अलिबागला आणली गेली. आपल्या समुद्रकिनाऱ्यावरची वेधशाळा तीच.

पण गुणगुणीमागे कधी कधी जिवाचा धोका असतो. आपल्या वस्त्यांतले मंच कसे उभे राहतात, हे आपल्याला ठाऊक आहे. खांबावरून ओढलेली वायर, टेप गुंडाळलेले जोड, अर्थिंग नाही. वादकाचं बोट पोलादी तारेवर, ओठ माइकच्या जाळीला, आणि पायाखाली ओलं गवत. झिणझिण्या आल्या की आपण हसून सोडून देतो. सोडू नका. तारेला हात लावल्यावर गुणगुण कमी-जास्त होते का पाहा. टेस्टरने माइकची जाळी आणि जॅक तपासा. तीन पिनांचं आणि खरोखर जमिनीला जोडलेलं सॉकेट नसेल, तर अ‍ॅम्प्लिफायर लावू नका. मंडळात एक तरी आयटीआय झालेला वायरमन असतो. त्याला मंचावर हार घालतो तसंच मंच उभारायच्या आधी बोलवा.

पैसा आधी कुठे घालायचा

पोरं मला विचारतात, 'ताई, चांगलं मेंडोलिन कुठल्या कंपनीचं?' बाजाराने लावलेली ही सवय आहे. मी उलट क्रम सांगते. आधी तारांचा नवा संच, काही शेकड्यांत येतो. मग नट, ब्रिज आणि उंची. यात पैसे कमी, वेळ जास्त. मग खुंट्या सरकत असतील तर त्या बदला. मंचावर वाजवायची वेळ आली की पिकअप. हे सगळं करूनही वाद्य तुमच्या हाताला अपुरं पडू लागलं, तेव्हाच नवं घ्या. तोवर तुमच्या कानाला नक्की काय कमी आहे ते कळलेलं असेल, आणि दुकानदार तुम्हाला काहीही विकू शकणार नाही.

वाजवील त्याचं वाद्य

आपल्या अलिबाग तालुक्यातलं चरी हे गाव शेतकऱ्यांच्या संपासाठी ओळखलं जातं. १९३३ ते १९३९ इतका काळ कुळांनी खोतांची जमीन कसायचं नाकारलं. नारायण नागू पाटील यांनी नेतृत्व केलं, बाबासाहेबांनी साथ दिली, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. प्रश्न साधा होता: राबणारा एक आणि मालक दुसरा, हे का?

मी पाहिलेल्या कित्येक गायन पार्ट्यांत हीच रचना आहे. वाद्यं आणि साउंड एकाचं. गायक, वादक, कोरस रात्रभर राबतात, आणि पहाटे मालक देईल ती बिदागी घेऊन टेम्पोत बसतात. ज्याच्याकडे स्वतःचं वाद्य नाही तो सौदा करू शकत नाही. ज्याच्याकडे वाद्य आहे पण ते लावता येत नाही, तोही दुरुस्तीसाठी त्याच मालकाच्या दारात जातो. आणि मुली? त्या कोरसला उभ्या. गळा चालतो, पण वाद्याला हात लावला की 'पोरींना हे झेपत नाही.' मेंडोलिनचं वजन एका किलोच्या आसपास असतं. जी बाई विहिरीवरून दोन हंडे आणते, तिला ते झेपत नाही?

गेल्या जयंतीआधी आमच्या मंडळात वाद झाला. डीजेचं एका रात्रीचं भाडं ४५ हजार सांगितलं होतं. मी म्हणाले, एवढ्यात दोन मेंडोलिन, एक हार्मोनियम, दोन ढोलक्या आणि लहान अ‍ॅम्प्लिफायर येतो, आणि ते दुसऱ्या दिवशीही आपलंच असतं. तरुणांचं उत्तर मी इथे प्रामाणिकपणे नोंदवते, कारण ते उडवून लावण्यासारखं नव्हतं. एकजण म्हणाला, 'ताई, वर्षभर या बाजारपेठेत आपण मान खाली घालून फिरतो. एक दिवस आपला आवाज सगळ्या गावाला ऐकू गेला पाहिजे.' त्याची भूक खरी आहे. माझं एवढंच म्हणणं होतं की तो आवाज भाड्याचा असतो. बटण डीजेवाल्याच्या हातात, गाडी त्याची, पहाटे तो ती घेऊन जातो, आणि आपण पुन्हा होतो तिथेच. शेवटी डीजे छोटा केला आणि १५ हजार वाद्यांसाठी वेगळे निघाले. मला हवं होतं त्यापेक्षा कमी, पण सुरुवातीला पुरेसं.

आता विहारात दर रविवारी सात मुलं बसतात, त्यात चार मुली. त्यांतली नववीतली एक मुलगी ब्रिजची जागा माझ्यापेक्षा लवकर शोधते. तिला अजून तीनच गाणी येतात. पण मागच्या महिन्यात शेजारच्या वस्तीतून बेसूर झालेलं एक वाद्य तिच्याकडे लावायला आलं. हे मला तीन गाण्यांहून मोठं वाटतं.

म्हणून मंडळांना माझी मागणी अशी. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा वाद्यांसाठी बाजूला काढा आणि तो हिशेबाच्या पत्रकात लिहा. वाद्य कुणा एकाच्या घरी न ठेवता विहाराच्या नावावर ठेवा. घेतल्या-दिल्याची वही असू द्या. वाद्याबरोबर एक पेटी ठेवा: तारांचे दोन संच, पक्कड, बारीक कानशी, पॉलिश पेपर, टेस्टर, सिलिका जेल. आणि त्या पेटीची जबाबदारी एका मुलीकडे द्या. जुने वादक अजून आपल्यात आहेत, गिरण्या आणि कव्वालीचे दिवस पाहिलेले. त्यांच्याकडून गाणी लिहून घेतो तसं तार कशी बांधायची तेही शिकून घ्या. ते कुठल्याच पुस्तकात नाही, आणि ते गेले की त्यांच्याबरोबर जाईल.

महाडच्या तळ्याचं पाणी आपल्याला कुणी दिलं नव्हतं, आपण जाऊन घेतलं. सूर लावायची विद्याही तशीच घ्यावी लागेल. या वर्षावासात आपल्या विहारात सुरुवात करायची असेल तर कळवा, आमची पेटी घेऊन मी येते.

जय भीम!